देऱ्याच्या भिंतीवरची रशियन सर्कस

दुबईत तू काय करत होतास, असं वर्गातली मुलं मला विचारतात. मी 'सिनेमात होतो' असं सांगतो, आणि त्यांचे डोळे मोठे झाले की घाईघाईने दुरुस्ती करतो. सिनेमात म्हणजे पडद्यावर नाही. पडद्याच्या समोर, प्रेक्षकांच्या मागे, मशीनच्या खोलीत. मग त्यांचे डोळे पुन्हा लहान होतात. पण मला स्वतःला ती खोली कधी लहान वाटली नाही, म्हणून हे लिहायचं धाडस करतो आहे. लिहिण्याची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील गलबतावर खलाशी होते. दाभोळच्या खाडीकाठच्या आमच्या वाडीत मॅट्रिकलाच लोक 'मोठा शिकला' म्हणायचे. मी एफ. वाय. सायन्स पास झालो आणि त्याच सुट्टीत वडिलांनी छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलं. आईचा सख्खा भाऊ, इस्माईल मामू, तेव्हा दुबईत सिनेमाचा ऑपरेटर होता. त्याने निरोप पाठवला, 'अन्वरला पाठव. मशीनवर बसवतो.' मी गेलो. वडील बरे होऊन पुन्हा कामाला लागेपर्यंत तिथेच राहिलो. आता परत आलो आहे आणि माझ्यापेक्षा लहान मुलांच्या शेजारी इंटरच्या बाकावर बसतो. दिवाळी अंकासाठी नोकरीतला अनुभव लिही, असं मराठीच्या सरांनी सांगितलं तेव्हा प्रथम वाटलं, आपण नोकरी केली तरी किती! मग वाटलं, किती केली ते राहू दे, एक ईद सांगण्यासारखी आहे.

आमचं टॉकीज म्हणजे दुबईच्या खाडीपलीकडच्या भागात, देऱ्यात, एक मोठं अंगण होतं. चारही बाजूंना भिंती, वर आकाश. समोरची भिंत उंच चढवून चुन्याने पांढरी केलेली, तोच पडदा. पुढे चटया, मागे बाकं, एका बाजूला कनात लावून बायकांची जागा. सगळ्यात मागे खजुराच्या खोडांवर उभारलेली मशीनची खोली. शिडीने वर चढायचं.

सिनेमा दाखवणं म्हणजे बटण दाबणं, असं पुष्कळांना वाटतं. आमच्या मशीनमध्ये दिवा नव्हता, दोन कार्बनच्या कांड्या होत्या. त्यांची टोकं जवळ आणली की मधे असा उजेड पेटायचा की नुसत्या डोळ्यांनी बघवत नसे. कांड्या जळून आखूड होतात, म्हणून त्या सतत पुढे सरकवत राहायचं. त्या उजेडासमोरून फिल्म पळत असते. पळते आहे तोवर ठीक. एका जागी थांबली, की पापणी लवायच्या आत तिला फोड येतात आणि भोक पडतं. मामूने मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट हीच होती. "फिल्मला उभा राहायला देयाचा नाय. माणसाला देयाचा, फिल्मला नाय."

गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचं. बलुची, इराणी, पठाण, मलबारी, अरब आणि आम्ही कोकणी. सिनेमा हिंदी, पण पूर्ण हिंदी कळणारे निम्मेसुद्धा नसतील. एकाला कळलं की तो शेजाऱ्याला सांगणार, तो त्याच्या शेजाऱ्याला. त्यामुळे नायिकेचं रडणं पुढच्या चटईवरून मागच्या बाकापर्यंत पोहोचायला वेळ लागायचा. तोवर पडद्यावर गाणं सुरू झालेलं असायचं आणि मागचे लोक गाण्यात हळहळायचे.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे बू सलीम. म्हातारा अरब, तरुणपणी मोत्यांसाठी समुद्राच्या तळाशी बुडी मारणारा. त्याचे कान त्या कामातच अर्धे गेले होते. तो रोज यायचा, पहिल्या चटईवर बसायचा, आणि नायकाने उडी मारली की मोठ्याने ओरडायचा, "झूट!" नायक पाण्यात पडला की, "झूट! बाल सूखा है!" मारामारी चालू असली की, "झूट! हाथ लगा ही नहीं!" लोक चिडायचे. मी मामूला विचारलं, याला आत कशाला घेता? मामू म्हणाला, "आरे, तोच येकटा नीट बघतो."

आता त्या ईदबद्दल.

अंगणाचा मालक इराणच्या किनाऱ्यावरून आलेला व्यापारी होता. तिकडे मालकाला अर्बाब म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो. त्या वर्षी देऱ्यात जिकडेतिकडे बांधकामं निघाली होती आणि सिमेंट ठेवायला जागा मिळत नव्हती. रमजानमध्ये टॉकीज महिनाभर बंद असायचं. रिकामं अंगण बघून सिमेंटचा एक व्यापारी अर्बाबच्या मागे लागला. अर्बाबने मामूला बोलावून सांगितलं, "इस्माईल, ईद में आँगन भरेगा तो सिनेमा. नहीं भरेगा तो सिमेंट. यल्ला, जाओ."

मामू 'जी' म्हणून परत आला आणि मशीन पुसत बसला. हे मशीन त्याने मुंबईत एका मोडीत निघालेल्या टॉकीजमधून निवडून, स्वतः बोटीवर जवळ झोपून आणलं होतं. अंगण गेलं तर मशीन कुठे उभं करायचं? आणि मशीन नाही तर मामू कोण? खाडीवर गोणी वाहणाऱ्या हमालांतला आणखी एक. त्याचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होतं. तो एवढंच बोलला, "नवा पिक्चर येतोय. गाणीबिणी चांगली हायत म्हनतात. आँगन भरंल."

सिनेमाच्या पेट्या मुंबईच्या बोटीने यायच्या. रीत अशी, की नवी पेटी उतरवायची आणि त्याच बोटीवर जुनी परत चढवायची. रमजानच्या मध्यावर बोट आली, आम्ही तसंच केलं. मी पेटी उघडायला पेचकस घेतला तर मामूने माझा हात धरला. "रोज्याच्या महिन्यात नाय. चाँद दिसला की उघडू." हा त्याचा नेम होता. महिनाभर तो फिल्मला शिवतसुद्धा नसे. पेटी कोपऱ्यात सतरंजीखाली ठेवली.

चाँद दिसला. तोफ उडाली, लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले. मामूने वजू करून, नमाज पढून, नवजात मुलाला न्हाणीतून बाहेर काढावं तशी पेटी बाहेर काढली. डबा उघडला. आतल्या चिठ्ठीवरची अक्षरं हिंदी नव्हती, उर्दू नव्हती, इंग्रजीही नव्हती.

"ह्या काय रे? तू कॉलेजात गेलायस ना, वाच."

मी फिल्मचं टोक कंदिलासमोर धरलं. कडेला आवाजाची पट्टी नव्हती. बोलपटाच्या फिल्मवर चित्रांच्या शेजारी एक नागमोडी रेघ असते, तिच्यातून आवाज निघतो. इथे नुसती चित्रं. एक माणूस दोरीवर उभा होता. पुढच्या डब्यात घोड्याच्या पाठीवर उभी असलेली बाई. त्याच्या पुढच्यात खांद्यावर तट्टू घेतलेला पैलवान.

"मामू, ही मूकपटाची फिल्म आहे. रशियन असावी. सर्कशीवरची."

मुंबईच्या गोदामात पेट्यांची अदलाबदल झाली होती. ही पेटी तिथल्याच कुठल्या तरी जुने सिनेमे बघणाऱ्या हौशी मंडळींकडे जायची असणार. दुसरी बोट ईदनंतर. जुनी फिल्म आम्हीच परत पाठवलेली. मामू जमिनीवर बसला. मला ठाऊक होतं तो काय विचार करत होता. पेटी वेळेवर उघडली असती, तर बोट धक्क्याला असतानाच कळलं असतं.

"लाव," तो शेवटी म्हणाला. "बघू तर खरं."

लावली. समोरच्या भिंतीवर माणसं दिसली आणि आमची उरलीसुरली आशा गेली. ती चालत नव्हती, तुरुतुरु पळत होती. पैलवानाने तट्टू उचललं ते उशी उचलावी तसं. घोडे भिंगरीसारखे फिरले. मधूनमधून रशियन अक्षरांच्या पाट्या यायच्या. बू सलीम ईदचं अत्तर लावून आत शिरला होता, तो पोट धरून हसला. "झूट, सब झूट! खिलौना है!" तेवढ्यात अर्बाबही आला. दाराशी उभा राहून त्याने बघितलं.

"इस्माईल, ये क्या चूहा लोग भागता है?"

"अर्बाब, पुराना फिल्म है. गलती से..."

"कल चला लो. ईद है. परसों सिमेंट आएगा. खलास."

तो गेला. मामूने मशीन बंद करायला हात पुढे केला. त्या वेळी भिंतीवर झोपाळ्याचा खेळ चालू होता. उंच तंबूच्या आढ्यापासून दोन लांब दोर, खाली दांडी, दांडीला लटकून एक माणूस झोके घेत होता. मी म्हणालो, "थांबा, मामू. झोपाळा बघा."

"काय बघू?"

"एवढ्या लांब दोराचा झोपाळा इतक्या लवकर परत येत नाही."

आम्हाला एफ. वाय.ला लंबकाचा प्रयोग होता. दोऱ्याला लोखंडी गोळा बांधायचा, झोका द्यायचा आणि वेळ मोजायची. गोळा जड असो की हलका, फरक पडत नाही. दोरा लांब तर झोका सावकाश, दोरा आखूड तर लवकर. पूर्ण वर्षात मला मनापासून कळलेला तो एकच प्रयोग.

मामू वैतागून म्हणाला, "आरे, रशियातला झोपाळा असंल तसा!"

"झोपाळ्याला देश नसतो, मामू."

हे मी कधी नव्हे ते ठासून बोललो असेन, कारण मामू माझ्याकडे वळून बघायला लागला. मी सांगितलं, फिल्म खोटी नाही. आपण ती जास्त वेगाने पळवतो आहोत. आपल्या मशीनचा वेग बोलपटाचा आहे. ही त्याच्यापेक्षा सावकाश चालवायला हवी.

"किती सावकाश?"

ते मला माहीत नव्हतं. ते झोपाळ्यालाच विचारायला हवं होतं. दांडीला लटकलेल्या माणसाच्या उंचीवरून मी अंदाज केला, की दोर तीन माणसं आणि वर थोडा एवढा लांब आहे. "मंग माज्यानं मोज," म्हणत मामू शिडी उतरून अंगणातल्या वाळूत आडवा झाला. मी त्याच्या टाचेपासून डोक्यापर्यंत दोर लावला, खूण केली, पुन्हा लावला. बू सलीमला वाटलं मामूला काही झालं. तो धावत आला आणि प्रकार कळल्यावर दोराचं दुसरं टोक धरून उभा राहिला. पडद्याच्या भिंतीवर पुढे आलेला एक वासा होता. त्याला तो दोर बांधला, खाली वाळू भरलेला तुपाचा डबा अडकवला आणि झोका दिला.

मामूने मोटरचा पट्टा काढला. जुन्या मशीनला हाताने फिरवायचा दांडाही असतो. तो हत्यारांच्या पेटीत तळाशी पडला होता. दांडा बसवून त्याने फिरवायला सुरुवात केली. मशीनच्या उजेडात डब्याची सावली भिंतीवर पडली, नेमकी त्या रशियन माणसाच्या शेजारी. दोघे झोके घेत होते. माणूस पुढे जायचा, डबा मागे राहायचा.

"अजून सावकाश, मामू!"

माणूस थोडा रेंगाळला. डबा त्याला गाठू लागला.

"अजून थोडं!"

आणि मग एका झोक्याला दोघे बरोबर गेले, बरोबर थांबले, बरोबर परत आले. माणूस पहिल्यांदा माणूस दिसला. त्याला वजन आलं. वरच्या टोकाला गेल्यावर तो क्षणभर हवेत थबकायचा ते दिसलं, त्याच्या मनगटाच्या शिरा दिसल्या. त्याने दांडी सोडली, हवेत कोलांटी घेतली आणि समोरच्याच्या हातात हात दिले. बू सलीमने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

आता इथे थोडं थांबून एक सांगतो, कारण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयात अलीकडे शोधून वाचलं, आणि नीट समजलं असेल तर ते असं आहे. मूकपटाच्या काळात रशियात सिनेमा काढणारे लोक सर्कशीतल्या माणसांना मुद्दाम बोलावत. कुस्तीगीर, घोडेस्वार, दोरावर चालणारे, विदूषक. मूकपटात शब्द नसल्यामुळे सगळं अंगानेच सांगावं लागे, आणि अंगाने बोलण्यात सर्कशीतल्या माणसांचा हात धरणारा कोण होता? शिवाय ते उडी मारायचे ती खरीच मारायचे. त्यांच्या जागी दुसऱ्याला उभं करावं लागत नसे. आणि चित्रण करणाराही कॅमेऱ्याचा दांडा हातानेच फिरवत असे. म्हणजे मामू त्या रात्री जे करत होता, तेच काम दूर रशियात कुणीतरी आधी करून ठेवलं होतं.

अडचण पुढे होती. हाताचा वेग एकसारखा राहीना. मामूचा हात दमला की माणसं रेंगाळत, आणि मी दांडा घेतला की पळत सुटत. "तुजा हात पळतो," मामू म्हणाला. "मीच फिरवतो सगळा." त्यात आमच्या मशीनला एक पत्र्याची झडप होती. फिल्म मंदावली की ती आपोआप उजेडासमोर पडायची, म्हणजे फिल्म जळू नये. एवढ्या कमी वेगाला ती सारखी पडत होती. मामूने ती तारेने बांधून टाकली आणि उजेड कमी ठेवला. अंधूक दिसू नये म्हणून ईदच्या सकाळी मी भिंतीला पुन्हा चुना फासला. पण झडप बांधली म्हणजे राखणदार काढून टाकला. आता हात थांबला तर फिल्म जळणार.

ईदच्या नमाजानंतर आमचे कोकणी लोक शीरखुर्म्याला जमले. त्यात हसनभाई होता. खाडीवर सुतारकाम करायचा, पण लग्नात डफ वाजवण्यात त्याच्यासारखा कुणी नव्हता. मामूने त्याला विचारलं, "हसन, आज सिनेमाला डफ वाजिवशील? माज्या हाताला ठेका पायजे."

"रातीबाचा, अल्लाच्या नावाचा ठेका सिनेमाला? तोबा कर, इस्माईल! आज ईद हाय!"

"रातीबाचा कोण मागतो? वरातीचा दे."

"वरात कोनाची?"

"रशियन लोकांची."

हसनभाईने शीरखुर्मा संपवला, तोंड पुसलं. "नवरी कशी हाय?"

"घोड्यावर उबी राहते."

"मंग येतो."

दुपारी दोघांनी डब्याच्या झोक्यावर ठेका बसवला. डबा एकदा जाऊन येईपर्यंत किती थापा, ते हसनभाईने असं पकडलं, की डोळे मिटूनही त्याची चूक होईना.

संध्याकाळी अंगण भरलं. ईदला ते तसंही भरतंच, नवे कपडे घालून माणसं कुठेतरी जाणारच. भरलेलं अंगण टिकतं की नाही, हा प्रश्न होता. पहिल्या रिळात लोक उठून गेले असते, तर अर्बाबचं म्हणणंच खरं ठरलं असतं. अर्बाब दाराशी खुर्ची टाकून बसला होता. शेजारी सिमेंटवाला.

मामूने मला माईक दिला होता. रशियन पाट्यांचा अर्थ तू लोकांना सांग म्हणाला. मला तरी कुठे रशियन येत होतं! पण मी चित्रांवरून एक गोष्ट रचली होती आणि ती हिंदीत पाठ केली होती. कॉलेजात मी एकदाही वर्गात उभा राहून बोललो नव्हतो. दिवा विझला आणि मी सुरुवात केली, "भाइयो, ये एक ग़रीब सर्कस की कहानी है, जिसमें..."

"चुप कर ना यारा!" एक पठाण ओरडला. "देखने दे!"

मी माईक खाली ठेवला. माझ्या भाषणातली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे ते तिथेच संपलं.

कारण सांगायची गरजच नव्हती. पैलवान आला, त्याने तट्टूखाली खांदा घातला, त्याच्या मानेची शीर फुगली, गुडघे थरथरले, आणि तट्टूचे चारही पाय जमिनीवरून उठले तेव्हा पहिल्या चटईपासून शेवटच्या बाकापर्यंत एकाच वेळी 'या अल्ला!' उठलं. एकाच वेळी! आमच्या टॉकीजमध्ये हे आजवर घडलं नव्हतं. कुणी कुणाला काही समजावत नव्हतं. पाटी आली की मात्र गंमत व्हायची. प्रत्येक बाकाने आपापला अर्थ लावला.

"क्या लिखा है?"

"लिखा है, ये इसका बहन है."

"बहन? बहन को ऐसा देखता है? बीवी है!"

"तेरे को रशियन आता है?"

"तेरे को आता है?"

तेवढ्यात पाटी जायची आणि सगळे पुन्हा गप्प. डफ चालू, मामूचा हात चालू. दोन रिळांच्या मधे मी फिल्म बदलायचो, मामू हात झटकायचा, तेल लावायचा. "मी घेऊ का?" असं मी दर वेळी विचारलं. तो दर वेळी नकाराची मान हलवायचा.

मग तो पुलाचा प्रसंग आला. सर्कशीतला तोच झोपाळेवाला, मागे शिपाई लागलेले, पुलाच्या कठड्यावर चढतो आणि खाली नदीत उडी मारतो. चित्र कुठेही तुटत नाही. कठडा, हवा, पाणी, सगळं एका नजरेत. तो पाण्यात गेला. वर आला नाही. मग बऱ्याच पुढे, प्रवाहात, त्याचं डोकं वर आलं.

बू सलीम उभा राहिला. लोक 'बैठो, बैठो' करू लागले. तो भिंतीकडे हात करून म्हणाला, "सच! ये सच है! नाक में पानी गया इसका!" आणि त्याने त्या ओल्या रशियनाला छातीवर हात ठेवून सलाम केला. मागून कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, त्या थांबेनात.

शेवटच्या रिळाच्या आधीचं रीळ. गावाच्या चौकात दोन मनोऱ्यांमधे दोर बांधला आहे. एका टोकाकडून ती घोडेस्वार बाई निघते, दुसऱ्या टोकाकडून तिचा जोडीदार. खाली जाळी नाही. मधोमध दोघांनी एकमेकांना ओलांडायचं. ते जवळ येत होते आणि मामूच्या तोंडून 'आई गे' असं बारीक ऐकू आलं. त्याचा दंड दगडासारखा आखडला होता. दांडा फिरत होता, पण मनगट वळेनासं झालं होतं.

"अन्वर. धर."

मी त्याच्या मुठीवर मूठ ठेवली. एक फेरा दोघांच्या हातांनी झाला. दुसऱ्या फेऱ्याला त्याने बोटं सोडली. त्याच क्षणी डफ थांबला. हसनभाई वाजवायचं विसरला होता. तोही दोरावरच्या त्या दोघांकडे बघत राहिला होता. झडप बांधलेली, डफ बंद, आणि माझा पळणारा हात. मामू माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी पडद्याकडे बघितलंच नाही. डोळे मिटले. मला तो तुपाचा डबा दिसत होता, जातो आहे, थबकतो आहे, येतो आहे. त्याच्याबरोबर मी दांडा फिरवत राहिलो. अंगणात पूर्ण शांतता. कांड्यांची सरसर आणि मशीनची टिकटिक. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग एकदम मोठा कल्लोळ उठला. दोघं एकमेकांना ओलांडून गेले असणार. हसनभाई भानावर आला आणि त्याने डफावर थाप मारली. ती थाप बरोबर माझ्या फेऱ्यावर पडली. त्याच्या पुढचीही. त्याच्याही पुढची.

मामूने माझ्या पाठीवर हात ठेवला. "नाय पळत आता," तो म्हणाला.

शेवटचं रीळ मीच फिरवलं.

सिनेमा संपला तरी कुणी उठेना. तरुण पोरं भिंतीजवळ जाऊन चुन्याला हात लावून बघत होती. हसनभाईला पठाणांनी खांद्यावर घेतलं होतं. आम्ही शिडी उतरलो तेव्हा अर्बाब खाली उभा होता आणि सिमेंटवाला त्याला म्हणत होता, "तो फिर कल सुबह पहला ट्रक भेजूँ?"

अर्बाबने वर आकाशाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सिमेंट को छत मंगता है," तो म्हणाला. "इधर छत किधर है? रात की ओस में ख़राब हो जाएगा. तुम दूसरा जगह देखो."

सिमेंटवाला म्हणाला, "महीना भर छत नहीं थी, तब आपको याद नहीं आया?"

"रोज़े में आदमी को कुछ याद नहीं रहता," अर्बाब म्हणाला, आणि मामूकडे वळला. "कल यही चलेगा. परसों भी. इन्शाल्ला."

बोट येईपर्यंत रोज तोच सिनेमा चालला. मामू आणि मी रिळं वाटून घेतली. दोरावरचा तो प्रसंग मी दुसऱ्या दिवशी मामूचा हात दांड्यावर असताना डोळे भरून पाहिला. जोडीदार दोरावर खाली बसतो आणि ती बाई त्याच्या डोक्यावरून पाय टाकून पलीकडे जाते. एक खंत मात्र राहिली. त्या माणसांची नावं फिल्मच्या सुरुवातीला पाटीवर लिहिलेली असणारच. ती रोज आमच्या भिंतीवर उमटत होती आणि आमच्यापैकी एकालाही वाचता येत नव्हती. मी त्या अक्षरांची नक्कलसुद्धा करून ठेवली नाही. इतकी माणसं ज्यांना टाळ्या देत होती ते कोण, हे मी आजही सांगू शकत नाही.

बोट आली. या वेळी मामूने पेटी धक्क्यावरच, खलाशांच्या देखत उघडली. हिंदी सिनेमाच होता, नवा, गाण्यांचा. रशियन पेटी आम्ही खिळे ठोकून परत चढवली. मामूने मोटरचा पट्टा बसवला, झडपेची तार सोडली, दांडा पुसून हत्यारांत ठेवला. अंगण पुन्हा भरलं. नायक-नायिका बागेत भेटली, बोलू लागली, बोलतच राहिली. पहिलं रीळ संपायच्या आत शिडी करकरली आणि अर्बाबचं डोकं खोलीच्या दारात वर आलं.

"इस्माईल," तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "ये लोग बात बहुत करता है."